दिवा मार्का चादर

धोंडिराम शिवशरण आमच्या कारखान्यात नक्षी काढायचा. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमधले सहा माग, धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या बायका आणि मालक पोशेट्टी. मी चौथ्या मागावर होतो. धोंडिराम आधी पाचव्यावर, म्हणजे माझ्या शेजारी होता.

तो फार चांगला विणकर होता असं मी म्हणणार नाही. माग चालू असताना कापडावर उतरणाऱ्या नक्षीकडे बघत राहायचा आणि तुटलेला धागा त्याला उशिरा दिसायचा. पण फूल एका अंगाला कलतंय, पाकळीच्या कडेची पायरी जाड येतेय, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. पोशेट्टीमालकांनी हे हेरलं. त्याला मागावरून उठवून खिडकीजवळ टेबल दिलं.

बुधवार पेठेतल्या बौद्ध वस्तीतला माणूस टेबलावर बसला, हे काहींना रुचलं नाही. तिसऱ्या मागावर रेवणसिद्ध होता. तो म्हणाला, "बसा साहेब. आता आमचा धागा तुटला तर अर्ज लिहावा लागंल का?"

"अर्ज नको, रेवणसिद्धअण्णा," धोंडिराम म्हणाला, "नुसतं वरडा. तसंबी तुमचं वरडणं मागापेक्षा मोठं हाय."

सगळे हसले. रेवणसिद्धही हसला, पण थोडं उशिरा.

टेबलावरचं काम सोपं नव्हतं. चौकडीच्या कागदावर नक्षी काढायची. एक चौकट म्हणजे एक धागा. जिथे रंग हवा तिथे चौकट लाल पेन्सिलीने भरायची. मग कागद बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे दोरीने ओवून त्यांची माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावरच्या जेकॉर्ड यंत्राला चढवायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. दिवसभर मान खाली घालून बसावं लागतं. पाठ मोडते, डोळ्यांतून पाणी येतं. धोंडिरामने कधी कुरकुर केली नाही. त्याची बायको चांगुणा घरी विड्या वळायची. ती म्हणायची, आमच्या घरात दोघांच्या माना वाकड्या, म्हातारीची तेवढी सरळ.

बहात्तरच्या दुष्काळापर्यंत आमचा माल एका मोठ्या कारखान्याला जायचा. चादर आमची, मार्का त्यांचा. दुष्काळानंतर त्यांनी स्वतःचे माग वाढवले आणि आमचं काम बंद केलं. पोशेट्टीमालक चादरी घेऊन बाजारात गेले. सूत तेच, रंग तोच, वीण तीच. पण गिऱ्हाईक काठ उलटून बघायचं आणि विचारायचं, "कुठला मार्का?" मार्काच नव्हता. बिनमार्क्याची चादर म्हणजे टाकाऊ, नाहीतर चोरीची. असे सहा महिने गेले. दोन माग बंद पडले. पुढचा नंबर कुणाचा, हे आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मालकांनी धोंडिरामला सगळ्यांसमोर सांगितलं, "आपला मार्का काढ. चालला तर हे टेबल तुझं, कायमचं. नाही चालला तर पाचवा माग आहेच."

धोंडिरामने लगेच पेन्सिल उचलली नाही. आठवडाभर तो जेवणाच्या सुट्टीत दुकानांसमोर उभा राहिला. टिळक चौकात, मंगळवार पेठेत, स्टँडजवळ. परत आला की मला सांगायचा.

"कुंडलिकभाऊ, चादर घेती कोण? बाई. बाई वाचती का? न्हाई. मग नाव विणून उपेग न्हाई. चित्र पायजे."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चादर फळीवर घडी घालून असती. घडीच्या तोंडाला वीतभर जागा दिसती. मार्का तेवढ्यात बसाय पायजे. आन रस्त्यावरनं वळकाय पायजे."

आणखी एक अडचण होती. आमच्या चादरीला दोन तोंडं असतात. एका बाजूला तांबड्यावर पांढरी नक्षी, तर पालथ्या बाजूला पांढऱ्यावर तांबडी. पालथ्या बाजूला डावं उजवं होतं. अक्षर असेल तर ते उलटं वाचावं लागतं. म्हणून चित्र असं हवं की डावीकडून उजवीकडून सारखंच, आणि रंग फिरला तरी बिघडायला नको.

त्याने तीन चित्रं काढली. चाक, कमळ आणि दिवा. चाक मागावर उतरलं तेव्हा अंड्यासारखं लांबट आलं. धागे उभे जेवढे दाट तेवढे आडवे नसतात, त्याने गोल फसतो. कमळ आणखी दोघातिघांच्या चादरीवर होतं. राहिला दिवा. खाली पसरट पणती, वर एकच ज्योत. बस. दुसरं काही नाही.

मालकांनी बघताक्षणी बोट ठेवलं. "हाच. घरोघरी लागतो. कुणाला समजावून सांगावं लागणार नाही."

"मालक, आणि कुणाला दाखवायचं का?" धोंडिरामने विचारलं.

"कुणाला? चादर माझी, नाव माझं. मी सांगतो, दिवा."

पहिल्या नमुन्यात ज्योत जाड आली. रेवणसिद्ध म्हणाला, "वांगं मार्का चादर! भरलं वांगं का भाजलेलं?" धोंडिरामने कागद फाडला, नवा घेतला. पुठ्ठे पुन्हा कापले. ज्योतीची एकेक चौकट कमी करत गेला. शेवटी जी ज्योत उतरली ती खरोखर वर चढत होती. ती पहिली चादर मी विणली. जमिनीवर अंथरली तर शेडच्या दुसऱ्या टोकावरून दिवा कळत होता. पालथी केली, तरी कळत होता. मालकांनी नारळ फोडला. रेवणसिद्ध बराच वेळ बघून म्हणाला, "चांगलाय." त्याच्याकडून हे फार होतं.

काठ थोडा सुटलेली एक चादर मालकांनी धोंडिरामला दिली. ती त्याने आईला, पारूबाईला, नेऊन दिली.

सांगोल्याचा व्यापारी मानसिंग थंडीच्या हंगामासाठी बराच माल घेऊन गेला. बंद पडलेले दोन्ही माग सुरू झाले. आम्ही दिवाळीत जादा वेळ काम केलं. हाताला घट्टे पडले, पण तक्रार नव्हती.

दिवाळी होऊन महिना झाला आणि मानसिंग टेम्पो घेऊन आला. टेम्पोत आमचेच गठ्ठे होते. काही तर सोडलेलेही नव्हते. त्याने एक गठ्ठा शेडच्या दारात टाकला.

"मालक, तुमी मला मरणाचं सामान इकाया दिलं व्हय?"

पोशेट्टीमालक म्हणाले, "काय झालं मानसिंगराव? सूत निघालं का?"

"सुताला काय न्हाई झालं. हिकडं या." त्याने चादर काढली आणि आमच्यातल्या एकाला म्हणाला, "नीज. डोस्क्यावरनं घे."

कुणी निजेना. मग त्याने सुताचं पोतं आडवं टाकलं आणि चादर त्याच्यावर पांघरली. मार्क्याचा काठ वर, उशाकडे. आमच्याकडे चादर तशीच घेतात. मार्क्याची बाजू तोंडाकडे ठेवायची, म्हणजे पायाची बाजू कधी तोंडाशी येत नाही. घराघरात ठरलेलं असतं.

पोतं झाकलं गेलं. आणि त्याच्या उशाशी एक दिवा.

कांड्या भरणारी बजाबाई "अगं बाई" म्हणून मागे सरली. आम्हाला सगळ्यांना तेव्हा दिसलं. माणूस गेला की त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकतात आणि उशाशी एक दिवा लावतात. तसंच. अगदी तसंच.

"आमच्या तालुक्यात काय झालं म्हाईताय का?" मानसिंग सांगू लागला. "एक म्हातारा तापानं अंगणात निजलेला. तुमची चादर डोस्क्यावरनं घेऊन. सकाळी शेजारीण आली ताक मागाया. तिनं बघितलं आन असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. तिराटीला बांबू बघाया माणूस गेला! तवर म्हातारा उठून बसला आन शेजारणीला शिव्या द्याया लागला."

एकदोघे हसले. मानसिंग हसला नाही.

"चार दिसांनी म्हातारा खरंच गेला. तापानं गेला, पर लोकं काय म्हंत्यात? चादरीनं नेला. आता बाजारात कुणी हात लावत न्हाई. सुतकी चादर म्हंत्यात." मग त्याने विचारलं, "मार्का काढला कुणी?"

मालकांच्या वडिलांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांच्या उशाचा दिवा मालकांनीच लावला होता, आम्ही तिथे होतो. मार्का निवडताना त्यांना ते आठवलं नाही. आठवणारही कसं? कागद भिंतीला टाचलेला होता. चादर फळीवर घडी घालून बघितली, जमिनीवर अंथरून बघितली. अंगावर घेऊन कुणी बघितली नाही.

मालक टेबलाकडे बघून म्हणाले, "ह्यानं काढला."

"नाव?"

"धोंडिराम. धोंडिराम शिवशरण."

मानसिंगने मान हलवली. "मग बरोबर. ह्यांनी ते समदं सोडलंय. ह्यास्नी कसं कळावं?" मग धोंडिरामकडे वळून, "का मुद्दाम केलंस रं?"

"मुद्दाम करून मला काय मिळतंय?" धोंडिराम म्हणाला. तो मानसिंगकडे बघत नव्हता, मालकांकडे बघत होता. मालक गठ्ठ्याची दोरी सोडत होते. ती गाठ साधी होती. सुटायला एवढा वेळ लागायला नको होता.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. पारूबाई बाजेवर बसली होती. चादर तिच्या पायथ्याशी घडी करून ठेवलेली. धोंडिरामने ती उलगडली. मार्क्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा शिवलेला होता. बारीक, एकसारखे टाके. त्या डोळ्यांनी तसे टाके घालायला तिला किती वेळ लागला असेल, कुणास ठाऊक.

"मला वाटलं काठ सुटलेला म्हणून ठिगळ लावलंस," तो म्हणाला. "आये, तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"छप्पन साली दीक्षा घेतली तवा तूच म्हणला न्हवं, मागलं समदं इसरायचं? मी इसरली म्हणून दावलं." तिने टाक्यांवरून बोट फिरवलं. "आन तू लई खुशीत हुतास. चांगुणाबी म्हणली, बोलू नका."

"दिवा पायाकडं घेतला असतास तर?"

"दिव्याला पाय लावू व्हय रं?"

धोंडिराम खाली बसला. मला वाटलं, आता हा रागावेल. त्याने पिशवीतून कागद काढला आणि पेन्सिल काढली.

"आये, आता मी ईचारतो, तू सांगायचं. काय बी लपवायचं न्हाई. घागर?"

"मातीची का पितळंची?"

"चादरीवर कसं कळंल?"

"मग नको. मडकं खांद्यावर घेऊन फिरवत्यात, भोक पाडून."

"कोंबडा?"

"अंगावर कोंबडा घेऊन निजतंय का कोण? झोप लागंल का?"

"गाय आन वासरू?"

"ते निवडणुकीतलं हाय. दुसऱ्या पार्टीवाला घील का?"

"मासा?"

"माळकरी घेणार न्हाईत."

"फणी?"

"फणीला केस असत्यात," चांगुणा चुलीपासून म्हणाली. "जेवताना आठवण नको."

मी हसलो. धोंडिराम हसला नाही. तो प्रत्येक उत्तर ऐकून कागदावर फुली मारत होता. असं बराच वेळ चाललं. शेवटी पारूबाई म्हणाली, "ज्वारीचं कणीस काढ की. भरल्या घरात असतंय. मेल्या माणसापशी कोण कणीस ठिवत न्हाई."

"एक का दोन?"

"दोन. येकमेकाकडं वाकल्याली. आन पाखरू काढू नको वर. पाखरू टिपून जातंय."

दोन कणसं समोरासमोर वाकलेली. डावं उजवं झालं तरी तीच. धोंडिरामने ते लगेच ओळखलं. पण या वेळी तो तेवढ्यावर थांबला नाही. चित्र मोठ्या कागदावर काढून त्याने जुन्या चादरीला टाचलं आणि दुपारच्या सुट्टीत मला म्हणाला, "कुंडलिकभाऊ, निजा."

मी शेडमध्ये निजलो. डोक्यावरून घेतली, छातीपर्यंत घेतली, उलटी घेतली, कुशीवर वळून घेतली. बसून खांद्यावरून गुंडाळली, जसे लोक पहाटे शेकोटीपाशी बसतात. दोरीवर वाळत घातली. बजाबाईच्या कडेवरच्या नातवाला गुंडाळून बघितली. प्रत्येक वेळी धोंडिराम लांब जाऊन बघायचा आणि कांड्या भरणाऱ्या बायकांना विचारायचा, "काय दिसतंय? काय आठवतंय?"

रेवणसिद्ध वरून वाकून म्हणाला, "कुंडलिक, मेलास का?"

"आजून न्हाई."

"मग मार्का पास."

दिवा मार्क्याच्या चादरींचा काठ कापून बायकांनी हाताने दुमडून शिवला. त्या आखूड झाल्या, लहान मुलांच्या म्हणून गेल्या. त्या कामालाही धोंडिराम सुटी झाल्यावर थांबून हात लावायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कणसाच्या दाण्यांसाठी त्याने चौकटी सोडून सोडून भरल्या, म्हणजे लांबून दाणे वेगळे दिसतील आणि जवळून कापड विरळ होणार नाही. पुठ्ठे स्वतः कापले. एकही पुन्हा कापावा लागला नाही.

संक्रांतीआधी मानसिंगला बोलावलं. तो आला, चादर हातात घेतली, उलटीसुलटी केली, पोत्यावर पांघरून बघितली. आपल्या खांद्यावर घेऊन बघितली.

"ह्ये झालं," तो म्हणाला. "ह्ये बाई घरात नेती. कुणी काढलं?"

शेडमध्ये माग चालू होते, पण पहिले दोन बंद होते, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं. पोशेट्टीमालक म्हणाले, "पुण्याच्या आर्टिस्टकडून काढून घेतलं. मुद्दाम."

धोंडिराम टेबलापाशी होता. त्याने पेन्सिल ठेवली आणि पुढे आला.

"मानसिंगराव, पुण्याचा कुणी न्हाई. दिवाबी मीच काढला, कणीसबी मीच काढलं. दिवा निवडला मालकांनी. मी ईचारलं हुतं, आणि कुणाला दाखवू का. नको म्हणले."

मानसिंगने मालकांकडे बघितलं. मालकांनी टेबलावरचे कागद सारखे केले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

मानसिंगने चादर पुन्हा घडी घातली. सावकाश. "माल चांगला हाय," तो म्हणाला. "मी घेतो. पर बाजारात मी पुण्याचंच सांगणार. दिवा काढणाऱ्यानंच ह्ये काढलं म्हणून सांगितलं तर ह्येबी परत येतंय. तुमचं तुमी बघा."

तो गेल्यावर मालक म्हणाले, "धोंडिराम, तू तसं बोलायला नको होतंस."

"खोटं बोललो का?"

"खरं बोलायला जागा असते."

"कुठली जागा, मालक? सांगा. तितं जाऊन बोलतो."

मालक चादरींच्या गठ्ठ्याकडे वळले. ते वाईट माणूस नव्हते. त्या वर्षी त्यांनी एकालाही कामावरून काढलं नाही. आम्ही सहाही माग चालवले. पण पुढच्या काठाची नक्षी त्यांनी साखर पेठेतल्या दुसऱ्या एका माणसाकडून करून घेतली, आणि त्याच्या पुढचीही. टेबलावर चादरींच्या घड्या घालायला सुरुवात झाली. धोंडिरामला कुणी ऊठ म्हणालं नाही. एके दिवशी तो स्वतःच येऊन पाचव्या मागावर बसला. रेवणसिद्ध काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो धोंडिरामच्या कांड्या भरून आणायला गेला.

कणीस मार्का चालला. अक्कलकोटपासून माळशिरसपर्यंत बाया दुकानात "दोन कणसाची द्या" म्हणून मागायच्या. धोंडिरामही तीच विणायचा. ती विणताना त्याचा चेहरा कसा असायचा हे मला सांगता येणार नाही. माझा माग त्याच्या बाजूला होता आणि मी माझ्या धाग्याकडे बघायचो.

पुठ्ठे वापरून झिजतात. दोनेक वर्षांनी कणसाचे पुठ्ठे नव्याने कापावे लागले. साखर पेठेतल्या माणसाने ते कापले. सगळ्या मागांवर तशाच माळा चढवल्या आणि पहिली चादर निम्मी उतरली तेव्हा धोंडिरामने माग थांबवून मला हाक मारली. डाव्या कणसाच्या शेंड्याचा एक दाणा गेला होता. एक भोक पाडायचं राहिलं होतं. मला दाखवल्यावरही दिसायला वेळ लागला.

"मालकास्नी सांगतोस का?" मी विचारलं.

"कशाला? ते पुण्याच्या आर्टिस्टचं हाय."

त्याने माग सुरू केला. पण मार्क्याशी आलं की तो थांबायचा. हात घालून तो एक धागा बोटाने उचलायचा, आडव्या धाग्याचा धोटा जाऊ द्यायचा, मग पुढे. प्रत्येक चादरीला. त्याने दिवसाकाठी त्याचा माल कमी निघायचा आणि कमी निघाला की मजुरीही कमी. मी त्याला दोनदा सांगून बघितलं की कुणाला दिसत नाही, सोड. त्याने ऐकलं नाही.

शेड बंद होईपर्यंत तो तसंच करत राहिला. त्याच्या मागावरच्या चादरीत दाणा पुरा असायचा. आमच्या बाकीच्यांच्या चादरीत नसायचा.